आधीं डोळा, मग कॅमेरा

आमच्या शाळेच्या निसर्गमंडळानें यंदां भरविलेल्या छायाचित्रांच्या प्रदर्शनास पालकवर्गानें चांगलीच गर्दी केली होती. भिंतीवर लावलेल्या चित्रांपैकीं बहुतेक पक्ष्यांचीं होतीं, आणि त्यांतहि तळ्याकांठीं व खाडीकांठीं वावरणाऱ्या लांब पायांच्या पक्ष्यांपुढें लोक अधिक वेळ रेंगाळत होते. एक वयस्क गृहस्थ मला म्हणाले, "आमच्या लहानपणीं पोरें गलोल घेऊन हिंडत, आतां तीं कॅमेरा घेऊन हिंडतात. केवढा हा पालट!" मीं हंसून मान डोलावली. त्याच भिंतीवर माझेंहि एक जुनें चित्र होतें. चिखलावर अंग टेकून, एक पंख लोळवीत, मान वांकडी करून पाहणारा एक पांढरा-काळा पक्षी. 'नृत्य' असें नांव मींच त्याखालीं लिहिलें होतें. सहाव्या इयत्तेंतील एक मुलगी त्यापुढें बराच वेळ उभी राहिली आणि मग मागें वळून तिनें मला विचारलें, "सर, ह्याला काय झालें होतें?"

त्या वेळीं मीं कांहीं तरी बोलून वेळ मारून नेली. तिचें उत्तर देणें राहून गेलें आहे, तें ह्या लेखांत देण्याचा विचार आहे. माझें मत आरंभींच सांगून टाकतों. रानांतील पक्ष्याचें छायाचित्र घेणें ही चांगली गोष्ट आहे; परंतु ज्याला पक्षी पाहतां येत नाहीं त्यानें त्याचें छायाचित्र घेण्याची घाई करूं नये, आणि विणीच्या दिवसांत घरट्याजवळ तर हौशी माणसानें कॅमेरा मुळींच नेऊं नये.

चित्रांतला पक्षी शेकाट्या होता. आपल्या महाराष्ट्रांत गांवोगांवच्या तळ्यांवर, धरणांच्या उथळ कांठांवर, फार काय पण सांडपाण्याच्या डबक्यांवरहि हा दिसतो. शरीर पांढरें, पंख काळे, चोंच सरळ व सुईसारखी बारीक, आणि पाय गुलाबी व इतके लांब कीं उडतांना ते शेपटीच्या मागें दोऱ्यांसारखे लोंबत जातात. चोंचीपासून शेपटीपर्यंत त्याची लांबी अवघी ३५ ते ४० सेंटिमीटर असते. पण पायांमुळें तो त्याहून पुष्कळ मोठा भासतो. त्याचा गुडघा मागच्या बाजूस वाकतो असें मुलें नेहमीं म्हणतात. वास्तविक तो गुडघा नव्हेच; तो घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत झांकलेला असतो. एवढी एक गोष्ट ध्यानांत आली म्हणजे पक्षी चालतो कसा, बसतो कसा, हें पुन्हां नव्यानें पाहावेंसें वाटतें. आणि पाहण्याचा आरंभ येथूनच होतो.

शेकाट्याचीं भावंडें पुष्कळ आहेत. उचाट्याची चोंच टोंकाशीं वर वळलेली असते. ती तो पाण्यांत डावी-उजवीकडे फिरवीत चालतो, जणूं विळ्यानें गवत कापीत आहे. पाणटिवळा आपली लांब चोंच थेट मुळापर्यंत चिखलांत खुपसतो. चिखल्याची चोंच आंखूड आणि डोळे मोठे. तो चार पावलें धांवतो, एकदम थांबतो, खालचें किडूकमिडूक टिपतो आणि पुन्हां धांवतो. तुतवारांच्या चोंचीच्या टोंकाशीं स्पर्श जाणणारीं सूक्ष्म इंद्रियें असतात, त्यामुळें डोळ्यांना न दिसणारा किडा त्यांना चिखलांतल्या चिखलांत सांपडतो. एकाच हातभर चिखलावर पांच जातींचे पक्षी जेवतात आणि कोणी कोणाचें ताट ओढीत नाहीं. कारण कोणाची चोंच बोटभर खोल जाते, कोणाची नखभर. ही व्यवस्था मला कोणत्याहि पुस्तकाआधीं एका गढूळ तळ्याच्या कांठीं शिकावयास मिळाली. त्या काळीं माझ्याजवळ कॅमेरा नव्हता. एक जुनी दुर्बीण होती आणि एक वही होती.

आतां ह्या जेवणाचें महत्त्व किती आहे तें पाहूं. ह्यांतील बहुतेक पक्षी आपल्याकडे हिंवाळ्याचे पाहुणे म्हणून येतात. त्यांचीं घरटीं दूर उत्तरेकडील प्रदेशांत असतात. परतीच्या प्रवासापूर्वीं त्यांना अंगांत चरबी सांठवावी लागते. तीच त्यांची वाटेची शिदोरी. पाणटिवळ्यांच्या कुळांतील एका पक्ष्याच्या पाठीवर बसविलेल्या छोट्या यंत्रानें २०२२ सालीं जी नोंद केली ती वाचून मन थक्क होतें. अवघ्या पांच महिन्यांच्या त्या पिलानें अलास्काहून निघून ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटापर्यंतचें सुमारे १३,५६० किलोमीटरांचें अंतर ११ दिवसांत, कोठेंहि न उतरतां, तोडलें. वाटेंत अन्न नाहीं, पाणी नाहीं, विसांवा नाहीं. जें कांहीं होतें तें निघण्यापूर्वीं चिखलांत टिपलेल्या किड्यांचें बळ.

समुद्रकांठच्या पक्ष्यांस तर जेवणाची वेळहि स्वतःच्या हातीं नसते. ओहोटी लागली म्हणजे ताट उघडें पडतें, भरती आली म्हणजे तें झांकलें जातें. आणि ही वेळ रोज सुमारें ५० मिनिटें पुढें सरकते. उधाणाच्या दिवसांत चिखलाचें मैदान दूरवर उघडें पडतें, भांगाच्या दिवसांत थोडेंच. अशा मोजक्या घटकांत जेवावयास बसलेला थवा आपण केवळ 'उडतांनाचें चित्र छान येतें' म्हणून उठवावयाचा, हा कोणता शिष्टाचार? आपल्या पंगतींतील पाहुण्यास कोणी दर दहा मिनिटांनीं पाटावरून उठविलें तर आपण त्यास काय म्हणूं? तरीहि हें घडतें. नावाड्यास चार पैसे अधिक देऊन नाव थव्यांत घालावयास लावणारे लोक मीं पाहिले आहेत. टाळ्या वाजविणारे व खडे मारणारेहि पाहिले आहेत. एका उड्डाणानें पक्षी मरत नाहीं हें खरें. परंतु सकाळीं एक जण, दुपारीं दोघे आणि रविवारीं पन्नास जण तेंच करूं लागले म्हणजे त्याच्या शिदोरींतून रोज मूठभर दाणे सांडत जातात. उडविणाऱ्यास त्या सांडण्याचा आवाज ऐकूं येत नाहीं, एवढेंच.

येथवर दुसऱ्यांचे दोष सांगितले. आतां माझा सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वींची मे महिन्याची सुटी. मीं नुकताच एक चांगला कॅमेरा व लांब पल्ल्याचें भिंग घेतलें होतें. गांवाबाहेरचें तळें आटत चाललें होतें आणि मधोमध उरलेल्या पाण्याच्या कडेला चिखलाचे उंचवटे उघडे पडले होते. त्यांतील एका उंचवट्यावर शेकाट्याच्या जोडीनें घरटें केलें होतें. घरटें म्हणजे काय, एक उथळ खळगा आणि भोंवतीं थोड्या काड्या व खडे. त्यांत चार अंडीं होतीं. मातकट रंगाचीं, काळ्या ठिपक्यांचीं, टोंकें आंत करून मांडलेलीं. वेळ दुपारीं बाराची. मीं चिखल तुडवीत तेथवर गेलों आणि दहा-बारा पावलांवर बैठक मारली.

जोडी उडाली आणि माझ्या डोक्यावर घिरट्या घालूं लागली. 'किक् किक्' असा तिचा सारखा आक्रोश चालला होता. मग एक पक्षी माझ्यासमोर चिखलावर उतरला, पंख मोडल्यासारखा लोळवूं लागला, लंगडूं लागला, पडूं लागला. मीं आनंदानें बेहोष झालों. असें दृश्य पुन्हां मिळणार नाहीं असें मला वाटलें. मीं चित्रामागून चित्रें घेत राहिलों. जवळजवळ चाळीस मिनिटें मीं तेथें बसून होतों.

तो पक्षी नाचत नव्हता. जखमीहि नव्हता. शत्रूचें लक्ष घरट्यावरून आपल्याकडे ओढून घेण्यासाठीं हे पक्षी जखमी झाल्याचें सोंग करतात. 'ह्या अंड्यांना सोड, मी आयताच तुझ्या हातीं सांपडत आहें' असें तो मला सांगत होता. हें मला पुढें पुस्तकांतून कळलें. दुसरी गोष्ट कळली ती ह्याहून कठोर होती. मे महिन्याच्या उन्हांत ह्या पक्ष्यांचें बसणें अंडीं उबविण्यासाठीं नसून अंडीं निवविण्यासाठीं असतें. पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून ते वारंवार घरट्यावर येतात आणि आपल्या ओल्या पोटाची सांवली अंड्यांवर धरतात. ती सांवली मीं चाळीस मिनिटें दूर ठेवली होती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी पुन्हां गेलों तेव्हां घरटें रिकामें होतें. जवळच्या बाभळीवर कावळे बसले होते. अंडीं उन्हानें गेलीं, कीं माझ्या पावलांच्या खुणांनीं व जोडीच्या आक्रोशानें कावळ्यांस वाट दाखविली, हें मला सांगतां येणार नाहीं. जोडी तळ्यावर दिसली नाहीं. माझें चित्र मात्र उत्तम आलें होतें. एका स्पर्धेंत त्यास पारितोषिक मिळालें, आणि मग तें वर्षानुवर्षें भिंतीवर राहिलें. शेंकडों लोकांनीं तें पाहिलें, वाहवा केली. त्या सहावींतल्या मुलीखेरीज कोणीहि त्या पक्ष्याकडे पाहिलें नाहीं. खरें सांगावयाचें तर चित्र घेतांना मींहि पाहिलें नव्हतें. पाहिलें असतें तर उठून चालता झालों असतों.

आपल्या देशांत १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्यांत 'शिकार' ह्या शब्दाची जी व्याख्या दिली आहे तींत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांस किंवा घरट्यांस उपद्रव देणें हेंहि घातलेलें आहे. गलोलीच्या जागीं कॅमेरा आला म्हणून त्या वयस्क गृहस्थांप्रमाणें मीहि समाधान मानीत असें. परंतु त्या दुपारीं माझ्या हातीं जें होतें त्याला काय म्हणावें हें ती व्याख्या वाचल्यापासून मला कळेनासें झालें आहे.

ह्यावर कोणी म्हणतील, "मग छायाचित्रें घेऊंच नयेत कीं काय?" असें माझें म्हणणें नाहीं. छायाचित्रांचे उपयोग मोठे आहेत आणि ते मान्य केले पाहिजेत. पक्षिशास्त्रज्ञ कांहीं पक्ष्यांच्या पायांत अक्षरें कोरलेल्या रंगीत पट्ट्या अडकवितात. एखाद्या विद्यार्थ्यानें दुरून घेतलेल्या चित्रांत तीं अक्षरें स्पष्ट उमटलीं तर तो पक्षी कोठून कोठें गेला ह्याचा धागा जुळतो. दोन सारख्या दिसणाऱ्या जातींतला भेद घरीं बसून ताडून पाहतां येतो. लोकांच्या मनांत पाणथळींविषयीं आस्था उत्पन्न होते, आणि तिची फार आवश्यकता आहे. कारण दलदल म्हणजे भराव घालून बुजविण्याजोगी निरुपयोगी जागा, ही समजूत अजून गेलेली नाहीं. इराणांतील रामसर ह्या गांवीं १९७१ सालीं पाणथळींच्या रक्षणाचा करार झाला. आपल्या नांदूर-मध्यमेश्वरास त्या यादींत स्थान मिळावयास २०२० साल उजाडावें लागलें, आणि ठाण्याच्या खाडीस २०२२. ठाण्याच्या खाडीचा भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्या गुलाबी थव्यांचीं चित्रें घरोघर पोंचलीं नसतीं, तर मुंबईसारख्या नगराच्या कुशींतील चिखलाबद्दल लोकांस आपुलकी वाटली असती कीं नाहीं, ह्याची मला शंकाच आहे.

तेव्हां वाद कॅमेऱ्याशीं नाहीं. वाद आहे तो उतावीळपणाशीं. ह्या विद्येचे जे पूर्वसूरी झाले त्यांनीं उतावीळपणा केला नाहीं. इंग्लंडांतील रिचर्ड व चेरी कीर्टन ह्या बंधूंनीं १८९२ पासून रानांतील पक्ष्यांचीं छायाचित्रें घेण्यास आरंभ केला. त्या काळचे कॅमेरे जड व कांचेच्या तबकड्यांचे. दूरचें जवळ आणणारीं आजचीं भिंगें त्यांना कोठून मिळणार? पक्ष्याच्या जवळ गेल्यावांचून गत्यंतर नव्हतें. तेव्हां त्यांनीं काय करावें? १९०० च्या सुमारास त्यांनीं बैलाचें कातडें लांकडी सांगाड्यावर चढवून एक पोकळ बैल तयार केला आणि त्याच्या पोटांत कॅमेऱ्यासह उभे राहून ते पक्ष्यांची वाट पाहूं लागले! मुलांस ह्या गोष्टीचें हंसूं येतें, आणि यावेंच. पण त्या हास्यामागें एक तत्त्व आहे. पक्ष्यास आपण तेथें आहोंत हें कळतां कामा नये. कळलें कीं त्याचें खरें वागणें संपलें आणि आपल्या भीतीचें वागणें सुरू झालें. मीं जें चित्र घेतलें तें शेकाट्याचें नव्हतेंच. तें माझ्या भीतीनें व्याकुळ झालेल्या एका जिवाचें होतें.

आपल्याकडील उदाहरण पाहावयाचें तर डॉ. सालीम अली (१८९६–१९८७) ह्यांचें पाहावें. लहानपणीं हवेच्या बंदुकीनें मारलेल्या एका चिमणीच्या कंठावर पिवळा डाग दिसला आणि ही कोणत्या जातीची हें विचारावयास तो मुलगा १८८३ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळांत गेला. तेथून पुढें त्यांच्या हातून जें कार्य झालें तें सर्वश्रुत आहे. १९४१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथानें अनेक पिढ्यांस पाहावयास शिकविलें. चिमणी तर पुष्कळ मुलांनीं मारली असेल. 'ही कोण?' असें विचारणारा एखादाच. त्या सहावींतल्या मुलीच्या प्रश्नास मी जें मोल देतों तें ह्याचमुळें.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली निसर्गमंडळास. पुढील वर्षापासून प्रदर्शनांत एकहि घरट्याचें किंवा पिलांचें चित्र स्वीकारूं नये, तें कितीहि सुंदर असो. आणि प्रत्येक चित्राखालीं चित्र कसें घेतलें तें चार ओळींत लिहावें. पक्षी काय करीत होता, आपण किती दूर होतों, आपल्यामुळें तो उडाला कीं नाहीं, हें त्यांत यावें. ज्याला हें लिहितां येणार नाहीं त्याचें चित्र पुढील वर्षापर्यंत थांबूं शकेल.

दुसरी सूचना पालकांस. मुलानें हट्ट धरला म्हणून प्रथमच महागडें भिंग घेऊन देऊं नका. त्याच्या अल्पांश किंमतींत चांगली दुर्बीण मिळते. ती व एक वही देऊन त्याला वर्षभर जवळच्या तळ्यावर जाऊं द्या. वर्षाअखेर वहीचीं पानें भरलीं असतील तर कॅमेऱ्याचा विचार करा; भरलीं नसतील तर तुमचे पैसे वांचले. मात्र खाडीवर मुलांस एकटें पाठवूं नका. खाडीचा चिखल वरून घट्ट दिसतो आणि मांडीपर्यंत ओढून घेतो; भरतीचें पाणीहि मागून केव्हां येतें तें कळत नाहीं.

तिसरी सूचना विद्यार्थ्यांस. बालमित्रांनो, पक्ष्याचा पाठलाग करूं नका. त्याच्या वाटेवर जाऊन बसा. भरतीच्या दोन तास आधीं बांधावर किंवा खडकाआड, सूर्य पाठीशीं घेऊन, बसून राहा. पाणी चढूं लागलें म्हणजे चिखल आकसत जातो आणि पक्षी आपण होऊन कांठाकडे सरकूं लागतात. तुम्हीं हाललां नाहीं तर तुम्हांला ते दगडांत जमा करतील आणि तुमच्यासमोर निर्धास्त जेवूं लागतील. एखाद्यानें चरणें थांबवून मान उंच केली, अंग ताठ केलें, कीं समजा, तुमची मर्यादा तेथें संपली. तेथून एक पाऊलहि पुढें टाकूं नका. टिटवी ओरडत अंगावर आली, शेकाट्या पंख लोळवूं लागला, तर कॅमेरा खालीं घ्या, आल्या वाटेनें परत फिरा आणि त्या जागेचा पत्ता कोणालाहि सांगूं नका.

मीं गेल्या हिंवाळ्यांत अशाच रीतीनें तीन रविवार सकाळीं एका बांधावर बसून काढले. पहिल्या दोन रविवारीं एकहि चित्र मिळालें नाहीं. वहींत मात्र पांच पानें भरलीं. तिसऱ्या रविवारीं एक शेकाट्या चरत चरत इतका जवळ आला कीं त्याच्या लाल डोळ्यांत उगवतीचा उजेड दिसूं लागला. मीं एकच चित्र घेतलें. त्यानें मान वर केली नाहीं. पाण्यांतला एक किडा टिपला, एक पाय उचलून क्षणभर थांबला आणि चालूं लागला. तें चित्र स्पर्धेंत पाठविण्याजोगें नाहीं. त्यांत नाट्य असें कांहींच नाहीं. एक पक्षी आपलें जेवण जेवीत आहे, इतकेंच.

भिंतीवरील जुनें चित्र मीं उतरवून घेतलें आहे. तें फाडून टांकलें नाहीं, कपाटांत ठेविलें आहे. त्याखालचें नांव खोडून तेथें तारीख, वेळ, मी किती पावलांवर बसलों होतों तें, आणि दुसऱ्या दिवशीं काय पाहिलें तें लिहून ठेविलें आहे. ती मुलगी पुन्हां विचारील तेव्हां तें तिच्या हातीं देईन.